पिंजऱ्यातली कुस्ती आणि पुनवतचे गणपतराव



श्रावणातला शेवटचा सोमवार म्हणजे आमच्या अकोल्याच्या जुन्या शहराचा दिवस. आदल्या रात्री पोरे गांधीग्रामला जातात, पूर्णेचे पाणी भरतात आणि कावड खांद्यावर घेऊन अनवाणी पायांनी सुमारे अठरा किलोमीटर चालत राजराजेश्वराच्या देवळात येतात. मोर्णेच्या या काठाला त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आमच्या घरी पाहुण्यांचा राबता असतो. चहाचे पातेले चुलीवरून उतरत नाही.

यंदा माझा भाचा आला होता. गाव अकोटाकडे, खारपाणपट्ट्यात सात एकर कोरडवाहू. सोबत त्याची बायको आणि थोरला मुलगा. मुलगा बारावीला, वय सतरा, वजन अठ्ठ्याण्णव किलो. रात्रभर कावड वाहूनही पोरगा दमलेला नव्हता. तीन ताटे जेवला, पाय धुतले आणि माझ्याजवळ येऊन बसला. खिशातून मोबाईल काढला.

"आबाजी, हे पाहा. मले हे कराचं आहे."

मी चष्मा लावून पाहिले. जाळीचा पिंजरा, आत दोन धिप्पाड गडी, हातात लहानसे मोजे. एकाने दुसऱ्याला खाली पाडले, त्याच्या छातीवर बसला आणि तोंडावर ठोसे मारू लागला. पंच धावत आला आणि त्याने झुंज थांबवली. खालच्या गड्याच्या भुवईतून रक्त वाहत होते. वरचा गडी हात उंचावून नाचत होता.

भाचा हळूच म्हणाला, "मामाजी, शिकवणारा म्हणते का दोन वर्सात पोट्टं तयार होते. राह्याचं, खायाचं, शिकाचं, सारे पैसे लागतात. दोन एकर काढून टाकतो म्हणतो. तुमचं काय मत?"

भाचेसून दाराशी उभी होती. इतका वेळ ती बोलली नव्हती. ती म्हणाली, "घरच्या म्हशीचं सारं दूध याच्या पोटात जाते. लहानीले चहापुरतंही राह्यत नाही. आता वावरही जाईन. अन् त्याचं तोंड असं फुटलं तर?"

मंडळी, या माउलीने एका वाक्यात सारा प्रश्न मांडला. त्या दिवशी मी त्यांना जे सांगितले तेच आज तुम्हाला सांगतो, कारण असा प्रश्न आज पुष्कळ घरांत आहे. पोरांच्या हाती मोबाईल आला आणि हा खेळ घराघरांत शिरला.

आधी खेळ समजून घेऊ. याला मिश्र युद्धकला म्हणतात. कुस्ती, मुष्टियुद्ध, लाथा, ज्युदो, गळा किंवा हात आवळून समोरच्याला हार मानायला लावणे, हे सारे एकाच झुंजीत चालते. अमेरिकेत १९९३ साली डेन्व्हर शहरात याचा पहिला मोठा मेळा भरला, तेव्हा नियम जवळजवळ नव्हतेच. आज नियम आहेत. साधारणपणे पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, विजेतेपदाची झुंज असेल तर पाच. समोरचा बेशुद्ध पडला, त्याने हाताने थापटून हार मानली किंवा पंचाने झुंज थांबवली, तर निकाल तिथेच लागतो. नाही तर तीन परीक्षक गुण देतात. जड गटात साधारण त्र्याण्णव किलोच्या वरचे आणि एकशेवीस किलोपर्यंतचे गडी उतरतात. म्हणजे आमचा पोरगा वजनाने आजच त्या गटात बसतो. त्याचे डोके फिरले ते त्यामुळेच.

मी त्याला विचारले, "या जड गटात आपल्या रक्ताचा कोणी मोठा झाला का?"

त्याला उत्तर पाठ होते. "अर्जनसिंग भुल्लर."

बरोबर आहे. हा मल्ल कॅनडात जन्मला, घराणे पंजाबचे. सिंगापूरला २०२१ च्या मे महिन्यात ब्रँडन व्हेरा या गड्याला हरवून तो एका मोठ्या आंतरराष्ट्रीय मेळ्याचा जड गटातला विजेता झाला. भारतीय वंशाच्या माणसाने असा मान मिळवण्याची ती पहिलीच वेळ. पण मी पोराला म्हटले, "बाबू, तू त्याची शेवटची पाच मिनिटे पाहिलीस. त्याच्या आधीची वीस वर्षे पाहा."

भुल्लरचा बाप स्वतः कुस्ती खेळलेला. पोरगा लहानपणापासून गादीवर. विद्यापीठात शिकत असताना तो विद्यापीठाच्या संघाकडून कुस्ती खेळला. २०१० साली दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तिथे १२० किलो गटात त्याने कॅनडासाठी सुवर्णपदक घेतले, तेही अंतिम लढतीत आपल्याच भारतीय मल्लाला हरवून. २०१२ साली तो लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. हे सारे झाल्यावर तो पिंजऱ्यात गेला. विजेतेपद मिळाले तेव्हा वय पस्तीस होते. आणि २०२३ च्या जून महिन्यात रशियाच्या मॅलिखिनने ते त्याच्याकडून काढून घेतले. वीस वर्षांच्या मेहनतीतून मिळालेला पट्टा दोन वर्षे कमरेला राहिला. यात त्याचा कमीपणा काही नाही. या धंद्याचा हिशेबच तसा आहे.

"म्हणजे आबाजी, आधी कुस्ती?"

"आधी कुस्ती. आणि आता तुला आपल्या मातीतल्या एका जड गड्याची गोष्ट सांगतो."

आमच्या लहानपणी या जुन्या शहरात पोरगा अंगाने भरू लागला की त्याला तालमीत घालत. नागपंचमीला कुस्त्या होत. पलीकडे अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालापासून उभे आहे, आणि त्याचे खेळाडू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. म्हणजे वऱ्हाडाला व्यायामाचे वेड काही नवे नाही. पण जड गटाची कुस्ती म्हटली की नाव निघायचे ते कोल्हापूरच्या बाजूचे. ते नाव म्हणजे गणपतराव आंदळकर.

सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात पुनवत नावाचे गाव आहे. १५ एप्रिल १९३५ ला गणपतराव तिथले जन्मले. पोरवयातच ते कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत दाखल झाले. कोल्हापुरात कुस्तीला शाहू महाराजांनी राजाश्रय दिला होता. त्यांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ सालापासून उभे आहे. त्यामुळे खेड्यातून आलेल्या पोराला तिथे तालीम मिळे, वस्ताद मिळे आणि दाद देणारे लोकही मिळत.

तालमीतले दिवस कसे असतात ते ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे. पहाटे चारला उठायचे. फावड्याने हौदा खणायचा, त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवायची. जोर, बैठका, मग लढत. दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. खायला दूध, तूप, बदामाची थंडाई. बोलणे कमी, ऐकणे जास्त. वस्तादाने "पुरे" म्हटल्याशिवाय थांबायचे नाही आणि वस्तादाने "लढ" म्हटल्याशिवाय मैदानात उतरायचे नाही. पोराला ही दुसरी गोष्ट मी दोनदा सांगितली. दोन वर्षांत तयार करून देतो म्हणणारा माणूस आणि अजून वेळ झाली नाही म्हणणारा वस्ताद, यांत मोठे अंतर आहे.

हिंदकेसरीचा किताब १९५९ साली सुरू झाला आणि पहिला मान श्रीपती खंचनाळे यांनी मिळवला. पुढच्याच वर्षी, १९६० साली, मुंबईला पंजाबच्या खडकसिंगला हरवून गणपतराव हिंदकेसरी झाले. वय पंचवीस. महाराष्ट्रात त्यांच्या नावाने मैदाने भरू लागली.

एवढ्यावर थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. पण १९६२ साली जाकार्ताला आशियाई स्पर्धा झाल्या, आणि मला गणपतरावांचे खरे मोठेपण तिथे दिसते. आपली कुस्ती मातीतली. तिला घड्याळ नसे. पाठ लागेपर्यंत लढायचे. आशियाई स्पर्धेतली कुस्ती गादीवरची, घड्याळावरची, गुणांची. तिच्यातही दोन प्रकार. फ्रीस्टाइलमध्ये पाय धरता येतात, ते आपल्या कुस्तीला जवळचे. दुसऱ्या प्रकाराचे नाव ग्रीको-रोमन. तिच्यात कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाचा डाव टाकायचा नाही. आता विचार करा, पट काढणे, टांग मारणे, एकलंगी भरणे यांवर वाढलेल्या मल्लाला सांगायचे की पायाला शिवू नको! बैलाला वखराला जुंपून पाय उचलू नको म्हणावे तसेच हे.

गणपतरावांनी ते शिकून घेतले. सत्त्याण्णव किलोच्या वरच्या गटात ग्रीको-रोमनमध्ये त्यांनी सुवर्णपदक घेतले आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. एका स्पर्धेत दोन पदके. त्याच स्पर्धेत त्यांच्याच जिल्ह्यातल्या कवठे पिरानच्या मारुती माने यांनी सत्त्याण्णव किलो गटात फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य आणले. एका जिल्ह्यातले दोन खेडूत मल्ल परक्या देशात, परक्या नियमांत चार पदके घेऊन आले.

१९६४ साली गणपतराव टोकियोच्या ऑलिंपिकला गेले. तिथे पदक मिळाले नाही. त्याच सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. तेव्हा वय एकोणतीस.

इथे मी पोराला म्हटले, "आता हिशेब कर. गणपतराव वारले १६ सप्टेंबर २०१८ ला. टोकियोनंतर ते किती वर्षे जगले?"

पोरगा गणितात बरा आहे. "चोपन्न."

"त्या चोपन्न वर्षांत त्यांनी काय केले?"

त्याला सांगता आले नाही. मोबाईलमध्ये ती चोपन्न वर्षे कोणी दाखवत नाही.

ती वर्षे तालमीतच गेली. ज्या मोतीबागेत ते शिकले तिथेच वस्ताद म्हणून उभे राहिले. दादू चौगुले हे त्यांच्या हाताखाली घडलेले मल्ल. दादूंनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली आणि १९७४ साली न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जड गटाचे रौप्यपदक आणले. गणपतरावांचे स्वतःचे लढणे संपले, पण त्यांची विद्या शिष्यांच्या हातून लढत राहिली.

मंडळी, जड गड्याच्या आयुष्यात हा सगळ्यात अवघड घाट असतो. लढणे पंधरा वर्षांचे, जगणे त्यापुढे पन्नास वर्षांचे. लढत असताना रोज हजार-हजार जोर-बैठका काढणारा माणूस, त्याला लिटरच्या लिटर दूध जिरते. मैदान सुटले की मेहनत सुटते, खुराक मात्र सुटत नाही. मग तेच वजन अंगावर बसते. गुडघे जातात, दम लागतो, साखर वाढते. असे पहिलवान तुमच्याही गावात असतील. जवानीत ज्याच्या दंडाकडे लोक पाहात, तो म्हातारपणी ओट्यावरून उठताना दोघांचा आधार घेतो. ज्याने पुढचा विचार आधी केला, नोकरी धरली, तालीम चालवली, शेती सांभाळली, तो मात्र ताठ राहिला.

पिंजऱ्यातल्या खेळात आणखी एक गोष्ट आहे. कुस्तीत पाठ लागली की संपले, उठून समोरच्याचा हात हातात घ्यायचा. तिथे डोक्यावर मार बसतो, आणि नुसता झुंजीच्या दिवशी नाही, रोजच्या सरावातही बसतो. हाड मोडले तर जुळते. मेंदूला पुन्हा पुन्हा बसलेला धक्का मागे राहतो आणि पुढे कित्येक वर्षांनी विसरणे, चिडणे, बोलताना अडखळणे अशा रूपाने वर येऊ शकतो. जड गटात ठोसाही जड असतो. सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्याला असला सौदा करायची घाई नको.

आता पैशाची गोष्ट. भाच्याने मला खाशाबा जाधवांचा दाखला दिला. "मामाजी, खाशाबांसाठी त्यांच्या प्राचार्यांनं घर गहाण टाकलंच होतं ना?"

टाकले होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, लोकांनी वर्गणी काढली, तेव्हा कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीला पोचला आणि कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण एक गोष्ट लक्षात घ्या. घर गहाण पडले ते खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आल्यावर. जगात सहावा ठरलेल्या माणसासाठी टाकलेला तो गहाणवट होता. शिवाय गहाण म्हणजे विक्री नव्हे. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि ते कर्ज फेडले. एवढे करूनही त्यांना पोट भरले ते पोलिसातल्या नोकरीने.

आमच्या पोराने अजून तालुक्याची कुस्ती मारलेली नाही. त्याच्यासाठी दोन एकर विकायचे म्हणजे पेरायच्या आधी कापूस मोजून उधळण्यासारखे आहे. आणि ती दोन एकरे एकट्या पोराची नाहीत. जिला दूध पुरत नाही त्या लहानीचाही त्यात वाटा आहे.

मग पोराला नाही म्हणायचे का? नाही. अठ्ठ्याण्णव किलोचे, रात्रभर कावड वाहून न थकणारे शरीर देवाने दिले, ते नुसते मोबाईल पाहात बसवायचे नसते. मी त्यांना चार गोष्टी सांगितल्या, त्या अशा.

पहिली, बारावी पुरी करायची. दुसरी, दोन-तीन वर्षे नुसती कुस्ती, माती आणि गादी दोन्ही. भुल्लरपासून आपल्या गणपतरावांपर्यंत साऱ्यांचा पाया तोच आहे. पुढे पिंजऱ्यात जायचे तरी ही विद्या वाया जात नाही. तिसरी, शाळेच्या, जिल्ह्याच्या, राज्याच्या मान्यताप्राप्त स्पर्धा खेळायच्या आणि प्रमाणपत्रे जपून ठेवायची. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, पण त्यांना मान्य खेळ आणि मान्य संघटनेची स्पर्धा लागते. कुस्ती ऑलिंपिकमध्ये आहे. हा पिंजऱ्याचा खेळ २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत तरी तिथे नव्हता. कोणी खाजगी मेळ्याचे तिकीट छापून पोराला उतरवायला निघाला, तर डॉक्टर कोण, विमा कोणाचा, वजन कधी करणार, हे आधी विचारायचे. उत्तर मिळाले नाही तर पोराला घेऊन घरी यायचे.

चौथी गोष्ट मी पोरालाच सांगितली. "म्हशीचे दूध तू एकट्याने प्यायचे नाही. आधी बहिणीचा पेला, मग तुझा तांब्या. खुराक कमी पडतो असे वाटले तर भिजवलेले हरभरे खा, शेंगदाणे खा, तुरीचे वरण खा. घरचेच आहे. अंडी खात असशील तर तीही खा. आणि घामाचे म्हणशील तर सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर वावरात डवऱ्यामागे चाल."

पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने मला विचारले, "आबाजी, ते ग्रीको-रोमन म्हणजे पाय अजिबात धराचे नाही? मंग पाडाचं कसं?"

मी उठलो. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, पण ओसरीवर उभा राहिलो आणि त्याला छातीशी छाती लावून कवळ कशी घालतात ते दाखवले. मला त्याची कंबर कवेत घेता आली नाही. भाचेसून पदर तोंडाला लावून हसली. पण पकड कुठे असते ते पोराला कळले, कारण दुसऱ्या क्षणाला त्याने मला अलगद उचलून बाजेवर ठेवले.

संध्याकाळी ते परत निघाले. भाचा म्हणाला, "वावराचं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही बोलत नाही." मी म्हटले, "पुढच्या उन्हाळ्यात त्याने जिल्ह्याची कुस्ती मारली तर मला कळव. मग बोलू." ही गाठ मी मुद्दाम मारली आहे. पोराला ध्येय हवे आणि बापाला मुदत हवी.

परवा निरोप आला. पोरगा पहाटे सायकलने अकोटला तालमीत जातो आहे. लहानी रोज सकाळी पेला घेऊन भावाच्या पुढे जाऊन बसते आणि आपला पेला भरल्याशिवाय त्याला तांब्याला हात लावू देत नाही.

तुमच्या घरी असा एखादा जड गडी असेल, तर त्याला हे वाचून दाखवा. त्याला चोपन्न वर्षांचा हिशेब करायला लावा. आणि जमीन विकण्याच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्या बाईला काय वाटते ते एकदा विचारा. बरेचदा ती दाराशीच उभी असते.

पुढच्या अंकात भेटू. राम राम.